पोरगा कसा आहे?

मार्च १९९० मध्ये इंडियानापोलिसच्या हूझिअर डोममध्ये शाळकरी मुलांचा एक बास्केटबॉल सामना पाहायला ४१,०४६ माणसं आली होती. इंडियाना राज्याच्या शालेय स्पर्धेचा तो अंतिम सामना, आणि त्या गर्दीतले बहुतेक जण एका मुलासाठी आले होते. बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्स शाळेचा डेमन बेली. सामना हातचा जातोय असं वाटत असताना आपल्या संघाचे शेवटचे अकरा गुण त्याने एकट्याने केले, कॉनकॉर्डला ६३–६० असं हरवलं आणि मग तो पळत प्रेक्षकांत शिरला, आईवडिलांना मिठी मारायला. शाळेच्या चार वर्षांत त्याचे ३,१३४ गुण झाले. राज्यातल्या मुलांमध्ये तोवर कोणी तेवढे केले नव्हते.

त्याची पारख मात्र या सामन्याच्या चार वर्षं आधीच झाली होती. तो आठवीत असताना इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉब नाइट त्याला बघून आले. जॉन फाइनस्टीन यांनी १९८५–८६ च्या मोसमावर लिहिलेल्या 'अ सीझन ऑन द ब्रिंक' या पुस्तकात तो प्रसंग आहे. माझ्याकडे आत्ता जे गार्ड आहेत त्यांच्यापेक्षा हा मुलगा आजच सरस आहे, अशा अर्थाचं नाइट बोलून गेले. पुस्तक देशभर वाचलं गेलं आणि चौदा वर्षांचा एक मुलगा साऱ्या राज्याचा झाला. नाइट ज्यांच्याशी त्याची तुलना करत होते त्या गार्डांत स्टीव्ह अल्फर्ड होता, आणि पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, अल्फर्डच्या त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

बेली इंडियाना विद्यापीठात चार वर्षं खेळला आणि चांगला खेळला. १९९२ मध्ये संघ शेवटच्या चारांत पोचला, विजेतेपद मिळालं नाही. १९९४ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घरच्याच इंडियाना पेसर्सनी त्याला ४४ व्या क्रमांकावर घेतलं, पण गुडघ्यांनी दगा दिला आणि एनबीएच्या मोसमातला एकही सामना तो खेळला नाही. इथल्या साठीच्या माणसांसमोर आजही त्याचं नाव काढलं की दोन तट पडतात. एक म्हणतो, अपेक्षेएवढा झाला नाही. दुसरा विचारतो, अपेक्षा कोणी केली होती? मी दुसऱ्याच्या बाजूची आहे.

मी सांगलीची, इंडियानात येऊन एकवीस वर्षं झाली. इथे हिवाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी गावातले सगळे रस्ते शाळेच्या जिमकडे जातात. नवऱ्याच्या बदलीमुळे आलो तेव्हा मला या खेळातलं फारसं कळत नव्हतं. मुलगा शाळेच्या दुय्यम संघात खेळायला लागला आणि पालकांपैकी कोणीतरी स्कोअरबुक लिहायचं म्हणून ते माझ्याकडे आलं. त्या टेबलाशी बसून लिहितानाच एक प्रश्न सारखा कानावर पडायला लागला. कुठल्यातरी शाळेचा पॉइंट गार्ड अमुक विद्यापीठाला 'कमिट' झाला, की त्या विद्यापीठाचे चाहते दोन तास गाडी हाकत येतात, लाकडी ब्लीचर्सवर दाटीवाटीने बसतात आणि शेजाऱ्याला विचारतात: पोरगा कसा आहे? आपल्याकडे स्थळ बघायला आलेली माणसं विचारतात तोच प्रश्न, तसाच.

कमिट होणं म्हणजे नेमकं काय, हे आधी सांगायला हवं, कारण निम्मा गोंधळ तिथे आहे. मुलगा तोंडी होकार देतो तो कोणालाच बांधत नाही, मुलालाही नाही आणि प्रशिक्षकांनाही नाही. सुपारी फुटली असं म्हणायचं, एवढंच. १९६४ पासून त्यापुढची पायरी म्हणजे नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे पत्र होतं. बारावीच्या नोव्हेंबरात मुलगा त्यावर सही करायचा, शाळेत टेबलावर टोप्या मांडून फोटो निघायचे, आणि मग दुसरीकडे जायचं तर खेळण्याचं वर्ष पणाला लागायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पत्रच बंद झालं. आता आर्थिक मदतीचे आणि पैशांचे करार असतात. टोप्या अजून मांडतात, फोटोही निघतात.

आता पॉइंट गार्डकडे वळू. हा संघातला कारभारी. बॉल पुढे आणायचा, कोणाला, कधी, कुठल्या हाताला द्यायचा हे ठरवायचं, प्रशिक्षकांच्या मनातलं मैदानावर उतरवायचं. सेंटरची उंची फुटपट्टीने मोजता येते, शूटरचे नेम मोजता येतात. कारभाऱ्याचं काम बाकीच्या चौघांच्या खेळात दिसतं, आणि शाळेत ते चौघे त्याने निवडलेले नसतात. गावातल्या साध्या शाळेत त्याने दिलेला सुंदर पास शेजारच्या गल्लीतल्या मुलाच्या हातातून निसटतो आणि असिस्ट, म्हणजे बास्केट घडवणाऱ्या पासचं श्रेय, लिहिला जात नाही. व्हर्जिनियातली ओक हिल किंवा फ्लॉरिडातली मॉन्टव्हर्ड अशा अकादमींत उरलेले चौघेही मोठ्या विद्यापीठांत जाणारे असतात, तिथे साधा पासही बास्केटमध्ये जाऊन बसतो. एकाला चार असिस्ट, दुसऱ्याला नऊ. घरी बसून आकडे वाचणारा माणूस दुसऱ्याला हुशार म्हणतो.

खेळही दोन ठिकाणी एक नसतो. शाळेचा सामना ३२ मिनिटांचा, कॉलेजचा ४०. तीन गुणांची रेषा शाळेत १९ फूट ९ इंचांवर, कॉलेजात २२ फूट पावणेदोन इंचांवर. सगळ्यांत मोठा फरक घड्याळाचा. कॉलेजच्या मुलांना २०१५–१६ पासून तीस सेकंदांत नेम टाकावा लागतो. बहुतेक राज्यांतल्या शाळांना तसं घड्याळच नव्हतं. २०२२–२३ पासून राज्यांना हवं तर ३५ सेकंदांचं घड्याळ लावायची मुभा मिळाली आणि काहींनी ते लावलं. घड्याळ नसताना काय होऊ शकतं याची गोष्ट इंडियानातलं शेंबडं पोरही सांगेल: १९५४ च्या अंतिम सामन्यात १६१ विद्यार्थ्यांच्या मिलन शाळेचा बॉबी प्लम्प चौथ्या सत्रात बॉल हातात धरून चार मिनिटं तेरा सेकंद नुसता उभा राहिला, आणि शेवटी त्यानेच नेम टाकून मन्सी सेंट्रलला ३२–३० हरवलं. आता शाळेत सावकाश, विचार करून खेळणाऱ्या मुलाला आपण 'शांत डोक्याचा' म्हणतो. तीस सेकंदांच्या घड्याळात ते डोकं तसंच शांत राहील का, याचा शाळेच्या जिममध्ये बसून अंदाज बांधणं फार अवघड असतं.

मग चाहत्यांच्या हाती काय असतं? तारे. शाळकरी खेळाडूंना क्रमांक लावायचा धंदा जुना आहे. हॉवर्ड गारफिंकेल यांनी १९६६ मध्ये फाइव्ह-स्टार शिबिर सुरू केलं आणि पूर्वेकडच्या मुलांचे अहवाल ते प्रशिक्षकांना वर्गणीने विकत. आज रायव्हल्स, ईएसपीएन, २४७स्पोर्ट्स अशा कंपन्या देशातल्या मुलांना पाच ताऱ्यांपर्यंत मोजतात. उन्हाळ्यात बूट कंपन्यांच्या स्पर्धा चालतात. नाइकीची २०१० पासून आहे. तिथे एकाच छताखाली अनेक कोर्ट असतात आणि प्रशिक्षक बेसलाइनला ओळीने बसून एकामागून एक मुलं बघतात.

तारे चुकतात, हे सगळ्यांना पाठ आहे. स्टीव्ह नॅशसाठी कॅनडातल्या शाळेच्या प्रशिक्षकांनी तीसेक अमेरिकन विद्यापीठांना पत्रं लिहिली, शिष्यवृत्ती द्यायला तयार झालं ते एकटं सँटा क्लारा. १९९३ मध्ये त्याच सँटा क्लाराने पंधराव्या मानांकनावरून दुसऱ्या मानांकनाच्या ॲरिझोनाला हरवलं आणि नॅश पुढे दोनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला. जा मोरँट दक्षिण कॅरोलायनात एका शिबिरात मागच्या छोट्या कोर्टवर तीन-तीन मुलांचा सामना खेळत होता. मरे स्टेटचे सहायक प्रशिक्षक जेम्स केन दुसऱ्याच मुलाला बघायला आले होते. खायला काही मिळतंय का म्हणून ते बाहेर पडले, बॉलचा आवाज ऐकून आत डोकावले, आणि मोरँट सापडला. २०१८–१९ मध्ये त्याने सामन्यागणिक २४.५ गुण आणि १० असिस्ट केले. असिस्ट अधिकृतपणे मोजायला लागल्यापासून वीस आणि दहा अशी सरासरी कोणीच गाठली नव्हती. डेमियन लिलार्ड ओकलंडमधून वीबर स्टेटला गेला, कारण मोठ्यांपैकी कोणी बोलावलं नाही.

पण या गोष्टी आपण पुन्हा पुन्हा सांगतो त्या दुर्मीळ आहेत म्हणून. डेरिक रोझ, जॉन वॉल, कायरी अर्व्हिंग, केड कनिंगहॅम हे सगळे शाळेत असतानाच देशातल्या पहिल्या काहींत गणले गेले होते आणि चौघेही ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. पाच तारे लावणारी माणसं आंधळी नाहीत. धडधाकट, उंच, वेगवान गार्ड त्यांना बरोबर दिसतो. नजर अडखळते ती मधल्या थरावर, सहा फुटांच्या आसपास उंची असलेल्या, तीन-चार ताऱ्यांच्या मुलांवर, आणि कॉलेजांचे बहुतेक पॉइंट गार्ड त्याच थरातून येतात. आम्ही शुक्रवारी जिममध्ये बसून ज्यांच्यावर वाद घालतो तेही हेच.

स्टीफन करीचं उदाहरण तर इतकं वापरून झालंय की त्यातलं मुख्य ते राहूनच जातं. वडील डेल करी व्हर्जिनिया टेकचे नावाजलेले खेळाडू, तरी त्या विद्यापीठाने मुलाला शिष्यवृत्ती न देता संघात येऊन बघ एवढंच सांगितलं. तो डेव्हिडसन या छोट्या कॉलेजात गेला. नोव्हेंबर २००६ मधल्या पहिल्याच सामन्यात, ईस्टर्न मिशिगनविरुद्ध, त्याने तेरा वेळा बॉल घालवला. तेरा! ज्यांनी त्या रात्री त्याला पाहिलं त्यांनी काय मत बनवलं असेल ते सांगायला नको. प्रशिक्षक बॉब मॅककिलप यांनी त्याला बसवलं नाही, आणि पुढच्या सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण २००८ मध्ये ज्या डेव्हिडसनने गॉन्झागा, जॉर्जटाउन, विस्कॉन्सिन यांना हरवून ५९–५७ असं हरण्याआधी कॅन्सासला घामाघूम केलं, त्या संघाचा पॉइंट गार्ड करी नव्हताच. तो होता जेसन रिचर्ड्स, त्या मोसमात असिस्टमध्ये देशात पहिला. करी त्याच्याकडून बॉल घेऊन नेम टाकत होता. कारभार करीकडे आला तो तिसऱ्या वर्षी. म्हणजे जगाने ज्याला पुढे पॉइंट गार्डचा नवा नमुना मानलं, त्यालाही ती जागा दोन वर्षं दुसऱ्याचं बघून शिकावी लागली.

आमच्या राज्यातलं माझं आवडतं उदाहरण योगी फेरेलचं. चौथीत असताना एका मासिकाने त्याला देशातला पहिल्या क्रमांकाचा चौथीतला खेळाडू ठरवलं होतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला देशात क्रमांक देणं हे मला आजही पटत नाही, आणि ते वाचून मोठी माणसं खूश होतात तेही नाही. हा योगी इंडियानापोलिसच्या पार्क ट्युडर शाळेतून २०१२ मध्ये इंडियाना विद्यापीठात आला. त्याच्या बरोबरच्या मुलांच्या तुकडीला चाहत्यांनी 'द मूव्हमेंट' असं नाव आधीच देऊन टाकलं होतं. पहिल्या वर्षी संघ देशात अव्वल क्रमांकावर गेला, बिग टेन या आपल्या गटात पहिला आला आणि राष्ट्रीय स्पर्धेत सिरॅक्यूसच्या २–३ झोन बचावापुढे ६१–५० असा ढेपाळला. त्या रात्री एका जाणत्या शेजाऱ्याने मला सांगितलं, हा मुलगा छोटा आहे, याच्याने व्हायचं नाही. पुढच्या वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेतच पोचला नाही आणि आणखी लोक तसंच म्हणू लागले.

योगी चार वर्षं तिथेच राहिला. शेवटच्या वर्षी, २०१६ मध्ये, संघाने पुन्हा बिग टेन जिंकला आणि राष्ट्रीय स्पर्धेत केंटकीला हरवलं. विद्यापीठाच्या इतिहासातले सगळ्यांत जास्त असिस्ट त्याच्या नावावर लागले. ज्या गृहस्थांनी याच्याने व्हायचं नाही म्हटलं होतं, त्यांनी त्याच्या शेवटच्या घरच्या सामन्याला उभं राहून टाळ्या वाजवल्या, मी शेजारीच होते. मग ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नाही. जानेवारी २०१७ मध्ये डॅलसने दहा दिवसांच्या करारावर बोलावलं, फेब्रुवारीत पोर्टलंडविरुद्ध त्याने तीन गुणांचे नऊ नेम साधून ३२ गुण केले, आणि मोसमाअखेर तो एनबीएच्या नवोदितांच्या दुसऱ्या संघात निवडला गेला. चौथीत पहिला, पहिल्या वर्षी छोटा, चौथ्या वर्षी लाडका, ड्राफ्टमध्ये नकोसा, सात महिन्यांनी पुन्हा हवासा. मुलगा तोच होता. उंचीही तेवढीच.

पारख करताना वापरले जाणारे शब्दही बघायला हवेत, कारण ते मी टेबलाशी बसून वर्षानुवर्षं ऐकलेत. गोरा मुलगा असला की 'डोकं चांगलं आहे', 'कष्टाळू आहे', 'प्रशिक्षकाच्या घरचा वाटतो'. काळा मुलगा असला की 'उडी काय आहे', 'वेग काय आहे'. दोघांनी एकच पास दिलेला असतो. एकाच्या वाट्याला बुद्धी जाते, दुसऱ्याच्या वाट्याला पाय. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही, पण पॉइंट गार्डच्या जागेवर हा अन्याय फार मोठा होतो, कारण या जागेवर मोजायची ती बुद्धीच असते. जेलन ब्रन्सनकडे बघा. इलिनॉयच्या स्टीव्हन्सन शाळेतून तो व्हिलानोव्हात गेला, २०१६ आणि २०१८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, २०१८ मध्ये देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी ड्राफ्टमध्ये ३३ वा, कारण उंची कमी, वेग कमी. उंची आणि वेग बघणाऱ्यांना त्याची बुद्धी चार फुटांवरून दिसली नाही. आज तो न्यूयॉर्क निक्सचा कर्णधार आहे.

मुलींच्या खेळात गर्दी उशिरा आली, त्यामुळे पारख थोडी शांतपणे व्हायची. आयोवाच्या वेस्ट डिमॉइनची केटलिन क्लार्क २०२० च्या तुकडीत ईएसपीएनच्या यादीत चौथी होती, पहिली पेज बेकर्स. क्लार्क घराजवळच्या आयोवा विद्यापीठात गेली. २०२१–२२ मध्ये ती गुण आणि असिस्ट दोन्हींत देशात पहिली आली, जे मुलींच्या पहिल्या श्रेणीत आधी कोणी केलं नव्हतं. मुलांमध्ये ट्रे यंगने ते २०१७–१८ मध्ये केलं होतं, तोही नॉर्मन गावचा, घरच्याच ओक्लाहोमा विद्यापीठात. कॉलेज संपलं तेव्हा क्लार्कचे ३,९५१ गुण झाले होते. बेकर्सने दुखापतींमधून उठून २०२५ मध्ये कनेक्टिकटला विजेतेपद मिळवून दिलं. पहिली आणि चौथी, दोघींबद्दलही अंदाज बरोबर होता. क्लार्क बॉल फार घालवते, ही तक्रार शाळेतही होती आणि शेवटपर्यंत राहिली. जिच्या हातात बॉल सतत असतो ती तो घालवणारच, एवढं त्या तक्रारीत कोणी धरलं नाही.

गेल्या काही वर्षांत या सगळ्या पारखीखालची जमीनच सरकली आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसायची अट गेली, त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवायला परवानगी मिळाली. २०२४ पासून कितीही वेळा बदला. १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरच्या मर्यादेत. खेळाडूंना त्यांच्या कष्टाचा पैसा मिळावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पॉइंट गार्डच्या जागेवर याचा परिणाम सगळ्यांत कठोर झाला. प्रशिक्षकांपुढे आता निवड असते: अठरा वर्षांच्या मुलाला तेरा चुका करू द्यायच्या, की दुसऱ्या विद्यापीठात त्या चुका करून झालेला बावीस वर्षांचा गडी आणायचा?

उत्तर विजेत्यांच्या यादीत दिसतं. २०२१ च्या बेलरचा डेव्हिऑन मिचेल ऑबर्नमधून आलेला. २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ जिंकणाऱ्या कनेक्टिकटचा ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलायनातून. २०२५ च्या फ्लॉरिडाचा वॉल्टर क्लेटन शाळेत असताना फुटबॉलसाठी जास्त हवा होता. तो आधी आयोना या छोट्या कॉलेजात खेळला आणि मग फ्लॉरिडात आला. त्यांच्या शाळकरी दिवसांत या विद्यापीठांचे चाहते त्यांना बघायला कुठल्या जिममध्ये बसले नव्हते. पारख झाली ती दुसऱ्याच कोणाची. योगीसारखं एका जागी चार वर्षं राहून सगळी मतं बदलायला लावणारा मुलगा आता क्वचित दिसेल, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असं असताना शाळेच्या जिममध्ये बसून काय बघायचं? गेल्या हिवाळ्यातला एक शुक्रवार सांगते. आमच्या भागातला एक बारावीतला मुलगा राज्यातल्याच एका मध्यम विद्यापीठाला कमिट झालाय. नाव लिहीत नाही, तो अजून शाळेत आहे. दुय्यम संघाचा सामना संपला, मी स्कोअरबुक मिटवलं आणि माझी वही घेऊन तिसऱ्या रांगेत बसले. पॉपकॉर्नचा वास, बँडच्या मुलांचा गोंगाट, मागे त्या विद्यापीठाच्या टोप्या घातलेले चारजण.

दुसऱ्या सत्रात विरोधी संघाने ट्रॅप लावला. मधली रेषा ओलांडल्या ओलांडल्या डावा कोपरा असतो तिथे दोन उंच मुलं त्याच्या अंगावर आली. त्याने ड्रिबल थांबवला, तिथेच फसला. डोक्यावरून पास टाकायला गेला, बॉल गेला आणि पलीकडे सोपं बास्केट झालं. मागून आवाज आला, "हा तिथे चालायचा नाही." पुढच्या वेळी तो रेषेच्या अलीकडेच थांबला. हातानेच खूण करून फॉरवर्डला मधोमध वर बोलावलं, दोघं अंगावर यायच्या आत बॉल त्याला दिला आणि स्वतः त्यांच्या मधून पळाला. फॉरवर्डने कोपऱ्यात पास दिला, तिथून तीन गुण. असिस्ट फॉरवर्डच्या नावावर. तिसऱ्या वेळी त्याने नुसतं तिकडे बघितलं तरी ट्रॅप करणाऱ्यांतला एक जण मागे सरकला, आणि त्यानंतर त्यांनी ट्रॅप सोडून दिला. शाळेच्या अधिकृत पुस्तकात या तीन खेळींसमोर त्याच्या नावावर फक्त एक टर्नओव्हर आहे.

माझ्या वहीत मी अशाच गोष्टी लिहिते. बॉल घालवल्यावर पुढच्या खेळीत काय केलं. पासच्या आधीचा पास कोणाचा. टाइमआउटला प्रशिक्षक बोलत असताना तो कोणाकडे बघतो, त्यांच्या पाटीकडे की चुकलेल्या मुलाकडे. डावा हात दुसऱ्या सत्रापर्यंत टिकतो का. यात उंची नाही, उडी नाही, आणि हे सगळं मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत येत नाही, कारण व्हिडिओ कापणाऱ्याला बास्केट हवी असते. सलग तीन-चार सामने बसून बघितले तरच थोडं काही हाती लागतं, आणि तेव्हाही फार जोर देऊन बोलावं असं नसतं.

त्या मुलाबद्दल मला विचारलंत तर माझं मत असं: पहिल्या वर्षी त्याला सामन्याला आठ-दहा मिनिटं मिळतील आणि त्यांतली निम्मी वाईट जातील. लांबच्या रेषेवरून त्याचा नेम अजून आखूड पडतो, अंगाने त्याला बरंच भरायला हवंय. दुसऱ्या वर्षी तो टिकेल. तिसऱ्या वर्षी, जर विद्यापीठाने त्याच्या डोक्यावर कोणी विकत आणून बसवला नाही आणि जर तोच कंटाळून निघून गेला नाही, तर तो संघ त्याचा असेल. पोरगा चांगला आहे.

टोप्या घालून बसलेल्या त्या चौघांना मी सामना संपल्यावर एवढंच सांगितलं, आणि आता या लेखातून अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींनाही सांगते, कारण आपली मुलंही आता या संघांत आहेत आणि आपणही या ब्लीचर्सवर असतो. नोव्हेंबरात पहिला कॉलेज सामना होईल, तो बॉल घालवेल, तेव्हा मोठ्याने काही बोलू नका. त्या शुक्रवारी "हा तिथे चालायचा नाही" हे वाक्य आलं तेव्हा त्या मुलाची आई त्यांच्या पुढच्याच रांगेत, माझ्या शेजारी बसली होती.